चौदा जणांचा डिझाइन स्टुडिओ: माणसं टिकतील असं वातावरण नेमकं कशाने होतं?

एरंडवणे_स्टुडिओ

पुण्यात ब्रँडिंग आणि मोशन ग्राफिक्सचा (हलत्या चित्रांचा) स्टुडिओ आहे. एकूण १४ जण: ग्राफिक डिझायनर ५, मोशनवाले ३, इलस्ट्रेटर १, कॉपीरायटर २, क्लायंट सर्व्हिसिंग (क्लायंटशी बोलणं सांभाळणारे) २, हिशेब आणि ऑफिस सांभाळणारी १. शिवाय २ इंटर्न. गणपती ते दिवाळी हा मुख्य हंगाम, त्यामुळे जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत दम खायला वेळ नसतो.

पगार बाजारभावाने आहेत आणि वेळेवर होतात. तरी वर्ष-दीड वर्षात चांगली माणसं निघून जातात, आणि जाताना सगळे ‘ग्रोथ’ एवढंच सांगतात. दिसणारी लक्षणं अशी: रिव्ह्यूमध्ये ज्युनिअर तोंड उघडत नाहीत. रात्री साडेदहाला क्लायंटचा ‘छोटासा चेंज’ येतो आणि कुणीतरी तो करतंच. सुट्टी मागताना लोक चेहरा पाडून मागतात.

बीनबॅग, फूसबॉल, फन फ्रायडे यातलं काही सुचवू नका. रोजच्या कामात काय बदलायचं, कोणत्या क्रमाने, आणि ते कुठे फसतं, हे हवं आहे. एचआर माणूस ठेवण्याएवढा आवाका नाही.

ट्रॅफिक_हवालदार

ताई, आधी कामाचं वजन मोजा, मग वातावरणाचं बोलू. कुणाच्या डोक्यावर किती तास आहेत हे कागदावर नसेल, तर ज्याला ‘नाही’ म्हणायला जड जातं त्याच्याकडेच काम साचतं. तो बहुतेक वेळा तुमचा सगळ्यात चांगला डिझायनर असतो, आणि पहिला राजीनामा त्याचाच येतो.

सोमवारी सकाळी दहा ते साडेदहा, लोड शीट. साधं गूगल शीट पुरतं: आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यांत जॉब, चौकटीत त्या आठवड्याचे तास. तास कुणी भरायचे हे महत्त्वाचं. ज्याने काम करायचं त्यानेच सांगायचे. सर्व्हिसिंगने भरले की सगळी कामं ‘दोन तासांची’ होतात.

आठ तासांच्या दिवसात हाताने प्रत्यक्ष काम साडेपाच तासच धरा. बाकीचा वेळ कॉल, रिव्ह्यू, फाइल शोधणं, एक्स्पोर्ट, चहा यात जातो, आणि जायलाच हवा. पाच दिवसांचे झाले साडेसत्तावीस. त्यातला पाचवा भाग अचानक येणाऱ्या कामांसाठी मोकळा सोडा, म्हणजे एका माणसाला आठवड्याला २२ तास. बेरीज त्याच्या वर गेली की चौकट लाल. लाल चौकट दिसल्यावर त्याच बैठकीत तीनपैकी एक ठरलं पाहिजे: काम दुसऱ्याकडे, तारीख पुढे, किंवा फ्रीलान्सर. ‘बघू, होईल’ हा चौथा पर्याय नाही.

शुक्रवारी शेजारच्या रकान्यात खरे लागलेले तास लिहायचे. हे आकडे कुणाच्याही अप्रेझलला वापरू नका. एकदा जरी वापरले तर सगळे तास फुगवून सांगायला लागतील आणि दोन महिन्यांत शीट खोटी पडेल. हा आकडा फक्त पुढच्या कोटेशनसाठी.

आता साडेदहाचा ‘छोटासा चेंज’. त्याचं मूळ कोटेशनमध्ये आहे. त्यात ‘रिव्हिजन: दोन राउंड’ लिहून भागत नाही, राउंड म्हणजे काय ते लिहावं लागतं. एक राउंड म्हणजे क्लायंटकडच्या एकाच ठरलेल्या व्यक्तीने सगळ्यांची मतं गोळा करून एका मेलमध्ये किंवा एका डॉक्युमेंटमध्ये पाठवलेले बदल. मार्केटिंगवाल्या मॅडमचे सकाळी, एमडींचे दुपारी आणि त्यांच्या भाच्याचे रात्री, हे तीन राउंड आहेत. तिसऱ्या राउंडपासून तासाचा दर लावा आणि तो दर आकड्यात आधीच लिहा. संध्याकाळी पाचनंतर आलेले बदल दुसऱ्या दिवसाच्या कामात धरायचे. त्याच दिवशी हवे असतील तर मूळ रकमेवर ३० ते ५० टक्के रश चार्ज. हा चार्ज फार कमी क्लायंट देतात. बहुतेकांना तो वाचल्यावर ‘उद्या चालेल’ असं सुचतं, आणि तो लिहिण्याचा हेतूच तो.

मोशनमध्ये टप्प्यांवर मंजुरी घेणं तर फारच गरजेचं. तीस सेकंदांच्या साध्या टू-डी फिल्मला ढोबळ हिशेब असा: स्क्रिप्ट २ दिवस, स्टोरीबोर्ड ३, स्टाइल फ्रेम (रंगरूप ठरवणारी नमुना चित्रं) २, अॅनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं वेळेवर लावून केलेला कच्चा व्हिडिओ) २, अॅनिमेशन ८, साउंड आणि फायनल २. कामाचेच १९ दिवस झाले, क्लायंटच्या उत्तराची वाट पाहायचे दिवस वेगळे. स्टोरीबोर्डवर एखादा प्रसंग बदलायला दोन तास लागतात, तोच अॅनिमेशन झाल्यावर बदलायला दोन-तीन दिवस. म्हणून स्टोरीबोर्ड आणि अॅनिमॅटिक दोन्हींना लेखी होकार, आणि होकारानंतरचा बदल हे नवं काम. पैसेही त्याच टप्प्यांना बांधा: सुरुवातीला ५० टक्के, स्टोरीबोर्ड मंजुरीला ३०, फायनल फाइल देण्याआधी २०.

क्लायंटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त सर्व्हिसिंगचा माणूस आणि त्या जॉबचा लीड, म्हणजे प्रमुख. ज्युनिअर डिझायनर, इंटर्न, इलस्ट्रेटर यांना आजच बाहेर काढा. क्लायंट रागावत नाही, त्याला एक नाव आणि एक नंबर पुरतो.

आणि तरी कधीतरी रात्र होणारच. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात होते. त्यासाठी नियम आधी लिहून ठेवा. उशिरा थांबायचं हे दुपारी चारच्या आत सांगायचं, साडेसहाला नाही. घरी जायला ऑफिसच्या खर्चाने कॅब. महिलांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षित जाण्याची सोय, हे २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आहे. रात्री दहाच्या पुढे गेलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कुणी फोन करायचा नाही. सुट्टीच्या दिवशी काम केलं तर बदली सुट्टी दहा कामाच्या दिवसांत कॅलेंडरवर लागलीच पाहिजे आणि ती लावायची जबाबदारी लीडची. ‘नंतर घे कधीतरी’ म्हटलेली बदली सुट्टी कुणी घेत नाही.

एक बारीक गोष्ट. रात्री आठनंतर थांबणाऱ्याला फुकट जेवण, असा नियम बऱ्याच ठिकाणी माया म्हणून सुरू होतो. थोड्या दिवसांत एकटी राहणारी मुलं जेवणासाठी थांबायला लागतात, त्यांना पाहून बाकीच्यांना सातला उठायची लाज वाटते, आणि घरी लहान मूल असलेली बाई सगळ्यांच्या नजरेत ‘लवकर जाणारी’ ठरते. जेवणाचा खर्च करायचाच तर दुपारी करा.

खोडरबर

हवालदारांनी वेळेचं सांगितलं, मी रिव्ह्यूचं लिहितो. क्रिएटिव्ह माणूस ऑफिस सोडतो तेव्हा कारण बऱ्याचदा त्या खोलीत सापडतं जिथे त्याचं काम स्क्रीनवर लावून सगळ्यांसमोर बघितलं जातं.

ज्युनिअर बोलत नाहीत कारण त्यांच्या आधी तुम्ही बोललेल्या असता. मालकिणीने ‘मला निळा जड वाटतोय’ म्हटल्यावर खोलीत दुसरं मत उरत नाही. म्हणून क्रम उलटा करा: आधी इंटर्न, मग ज्युनिअर, मग सीनिअर, शेवटी तुम्ही. पण इंटर्नला नुसतं ‘हं, बोल’ म्हणून उभं करू नका, ती शिक्षा होते. आधी पाच मिनिटं शांतता. काम स्क्रीनवर, प्रत्येकाने चिकट कागदावर जास्तीत जास्त तीन मुद्दे लिहायचे. मग प्रत्येकाने आपला कागद वाचायचा. लिहिलेलं वाचणं आयत्या वेळी बोलण्यापेक्षा फार सोपं असतं, आणि आधीच्या माणसाचं ऐकून मत फिरवायला वाव राहत नाही.

एका बैठकीला ४५ मिनिटं, जास्तीत जास्त तीन कामं. काम दाखवणाऱ्याने सुरुवातीला दोन वाक्यं बोलायची: काम किती झालंय, आणि मला कशावर मत हवंय. ‘हे तीस टक्के आहे, मांडणी बघा, रंग अजून लावलेले नाहीत.’ तीस टक्क्यांच्या कामावर कुणी अक्षरांमधलं अंतर काढायला लागलं तर रिव्ह्यू चालवणाऱ्याने तिथेच थांबवायचं. नव्वद टक्क्यांवर कुणी मूळ कल्पनेलाच हात घातला तरीही थांबवायचं. खरंच कल्पना चुकली असेल, तर ते त्या डिझायनरशी आणि लीडशी वेगळं बोलायचं. दहा जणांसमोर नाही.

प्रत्येक मुद्द्याला तीनपैकी एक खूण. ‘अडतंय’ म्हणजे हे असंच गेलं तर काम चुकेल: ब्रीफशी, म्हणजे क्लायंटने दिलेल्या मागणीशी विसंगत आहे, वाचता येत नाही, देवनागरीत जोडाक्षर फुटलंय. ‘सुचवणी’ म्हणजे करून बघ, नाही पटलं तर सोड. ‘आवड’ म्हणजे माझी वैयक्तिक पसंती. ‘अडतंय’ला उत्तर द्यावंच लागतं, ‘आवड’ ऐकून सोडून द्यायची. हे सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात कळतं की सीनिअर मंडळींचे निम्मे मुद्दे आवडीचे असतात. आणि हो, तुमचेही. मालकाची ‘आवड’ सोडून द्यायची परवानगी ज्युनिअरला खरंच आहे, हे एकदा सगळ्यांसमोर घडलं पाहिजे, नाहीतर खुणांना अर्थ नाही.

पिक्सार या अॅनिमेशन फिल्म कंपनीत ‘ब्रेनट्रस्ट’ नावाची बैठक असते. दिग्दर्शक अर्धवट फिल्म दाखवतो आणि बाकीचे दिग्दर्शक-लेखक बिनधास्त मत देतात. त्या बैठकीला आदेश द्यायचा अधिकार नसतो. कुठला मुद्दा घ्यायचा ते दिग्दर्शकच ठरवतो. मोकळेपणा टिकतो तो यामुळे: ऐकणाऱ्याच्या हातून काम काढून घेतलं जाणार नाही, म्हणून तो बचावाचा पवित्रा घेत नाही. तुमच्याकडेही प्रत्येक जॉबवर निर्णय कुणाचा ते एक नाव लिहिलेलं हवं. ‘टीम ठरवेल’ म्हणजे शेवटी रात्री तुम्ही ठरवणार.

रिव्ह्यू संपल्यावर तासाभरात चार ओळींचा सारांश: काय बदलायचं, कुणी, कधीपर्यंत. तो डिझायनरनेच लिहायचा, म्हणजे त्याला काय कळलं ते दिसतं.

हे फसतं तीन ठिकाणी. एक, घाईच्या आठवड्यात रिव्ह्यू रद्द होतात आणि सीनिअर मागे उभा राहून ‘ते जरा डावीकडे घे’ करायला लागतो. त्यापेक्षा पंधरा मिनिटांचा छोटा रिव्ह्यू घ्या, पण तोच साचा ठेवा. दोन, टिंगल. ‘हे काय, लग्नपत्रिका केलीस का?’ यावर सगळे हसतात, ज्याचं काम आहे तोही हसतो, आणि पुढच्या वेळी तो सगळ्यात सुरक्षित डिझाइन घेऊन येतो. मराठी माणसाला टोमण्याशिवाय प्रेम दाखवता येत नाही हे मान्य, तो टोमणा चहाच्या वेळी मारा, कामाच्या स्क्रीनसमोर नको. तीन, कौतुक मोघम असतं. ‘मस्त झालंय’ यातून कुणी काही शिकत नाही. ‘पॅकवर मराठी नाव इंग्रजीपेक्षा मोठं ठेवलंस म्हणून गावातल्या दुकानाच्या फळीवर ते लांबून वाचता येईल’ हे कौतुक माणूस लक्षात ठेवतो.

अजून एक, नियम सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने तक्रारी आणि चुका वाढल्यासारख्या दिसतील. घाबरू नका. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त निघाली, कारण तिथले लोक चुका झाकत नव्हते. ‘चुकीची फाइल प्रिंटला गेली’ हे त्याच दिवशी सांगणाऱ्या मुलाला तुम्ही काय उत्तर देता, ते बाकीचे तेरा जण बघत असतात. पहिला प्रश्न ‘प्रेसला फोन झाला का?’ हा असू दे. ‘कुणी केलं?’ नंतर.

श्रेयाचंही लिहून ठेवा. वेबसाइटवर केस स्टडी टाकली की काम केलेल्या सगळ्यांची नावं, इंटर्नसकट आणि सोडून गेलेल्यांचीही. काम बाजारात आल्यावर ते पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी नेमणूकपत्रातच द्या. जाणाऱ्या माणसाला स्वतःचं काम दाखवण्यासाठी विनवण्या कराव्या लागल्या की तुमची कीर्ती सगळ्या डिझाइन कॉलेजांत पोचते. इलस्ट्रेटर एकटीच आहे ना? मग तिची शैली एआय टूलमध्ये घालून ‘तिच्यासारखं’ चित्र तिला न विचारता काढायचं नाही, हीही एक ओळ लिहून टाका.

एरंडवणे_स्टुडिओ

दोघांचेही आभार. खुणांची कल्पना सोमवारपासूनच. हवालदारसाहेब, जुन्या क्लायंटला हे राउंड आणि पाचची वेळ सांगायची कशी? तीन क्लायंट असे आहेत की निम्मा धंदा त्यांचाच. त्यांना अचानक नियम दाखवले तर म्हणतील, डोक्यात हवा गेली.

ट्रॅफिक_हवालदार

चालू जॉबच्या मध्ये सांगूच नका. पुढच्या कोटेशनला जोडा, आणि मेल पाठवण्याआधी तुम्ही स्वतः फोन करा. सर्व्हिसिंगच्या पोराला पुढे केलं तर क्लायंट थेट तुम्हाला फोन लावणार, तुम्ही ‘ठीक आहे, या वेळी करू’ म्हणणार, आणि त्या पोराच्या शब्दाला कायमची किंमत राहणार नाही. नियम मोडणारा बहुतेक वेळा क्लायंट नसतो, मालक असतो.

मेल साधारण असा: ‘नमस्कार. या वेळपासून प्रत्येक जॉबवर तुमच्याकडून एक आणि आमच्याकडून एक अशी ठरलेली व्यक्ती ठेवतो आहोत, म्हणजे बदल सुटणार नाहीत. संध्याकाळी पाचपर्यंत आलेल्या बदलांची वेळ त्याच दिवशी कळवू. त्यानंतर आलेले दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा हातात घेऊ. लाँचच्या आठवड्यात रात्री माणूस लागणार असेल तर तीन दिवस आधी सांगा, तशी व्यवस्था लावून ठेवतो.’ शेवटचं वाक्य गाळू नका. क्लायंटला भीती असते ती ऐन लाँचला तुम्ही फोन उचलणार नाही याची. ती गेली की बाकीचं तो सहज मान्य करतो.

तिघांपैकी जो सगळ्यात समजूतदार आहे त्याच्यापासून सुरू करा. आणि निम्मा धंदा तिघांवर आहे ही गोष्ट वातावरणाच्या प्रश्नापेक्षा मोठी आहे, पण तो वेगळा धागा.

हजेरीपट

सुट्टी, पगार आणि कायदा या बाजूने थोडं. लोक याला ‘एचआरचं’ म्हणून बाजूला टाकतात, पण चेहरा पाडून सुट्टी मागण्याचं मूळ इथे असतं.

सुट्टी मागायची वेळच आणू नका. वर सांगितलेला २०१७ चा कायदा तुमच्या संख्येला कसा लागू होतो ते सल्लागाराकडून तपासून घ्या, पण त्यातलं रजेचं गणित किमान पायरी म्हणून धरा: वर्षाला ८ नैमित्तिक रजा, २४० दिवस भरले की दर २० दिवसांच्या कामामागे १ भरपगारी रजा, आणि सणावाराच्या ८ सुट्ट्या. याच्या वर आजारपणाच्या रजा वेगळ्या ठेवा, आणि दोन दिवसांपर्यंत डॉक्टरची चिठ्ठी मागू नका. ‘अमर्यादित रजा’ या फॅशनच्या नादी लागू नका. आकडा नसला की लोक शेजारच्याकडे बघून कमीच घेतात.

गणपतीचं वेगळं. तुमच्याकडे कोकणातले दोन-तीन जण असणारच. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि कोकणच्या गाड्या त्याच सकाळी भरतात. म्हणजे सुट्टीचा होकार त्यांच्या हातात निदान ७० दिवस आधी हवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात गणपती ते दिवाळीचा तक्ता भिंतीवर लावा, प्रत्येकाने आपले न चुकणारे चार दिवस भरायचे, एकाच दिवशी एकाच कामाची दोन माणसं आली तर गेल्या वर्षी ज्याने सोडले त्याला आधी. ईद, नाताळ, छठ असलेल्यांनीही त्याच तक्त्यात भरायचं. तक्ता लागल्यावर तो दिवस क्लायंटसाठी बदलायचा नाही. काम अडलं तर फ्रीलान्सर, आणि त्याचे पैसे जॉबच्या कोटेशनमध्ये आधीच धरलेले हवेत.

दर दोन आठवड्यांनी प्रत्येकाशी त्याच्या लीडने अर्धा तास एकट्याने बोलायचं. १४ जणांत तुमच्या वाट्याला चार-पाच येतील, त्याहून जास्त घेऊ नका. कामाची प्रगती त्यात विचारायची नाही, त्यासाठी लोड शीट आहे. प्रश्न तीनच: कशात अडकलायस? कुठलं काम परत करायला आवडेल आणि कुठलं नको? माझ्याकडून काय हवंय? सांगितलेल्यातली एक तरी गोष्ट पुढच्या भेटीआधी झालेली दिसली पाहिजे, निदान ‘नाही होणार, कारण हे’ असं उत्तर तरी. निनावी फॉर्मच्या भानगडीत पडू नका. १४ जणांत वाक्याच्या ढबीवरून कुणी लिहिलंय ते कळतं आणि मग शोधाशोध सुरू होते.

‘ग्रोथ’ म्हणून जातात म्हणालात, तर पगाराच्या पायऱ्या कागदावर आहेत का? ज्युनिअर, डिझायनर, सीनिअर, लीड अशा चार पायऱ्या पुरतात. प्रत्येकीसमोर पगाराचा खालचा-वरचा आकडा आणि चार ओळी की या पायरीवरचा माणूस कुणाला न विचारता काय काय करू शकतो. उदाहरणार्थ ‘सीनिअर’ म्हणजे ब्रीफ अर्धवट असेल तर क्लायंटला प्रश्न विचारून ते पूर्ण करू शकतो. हा कागद सगळ्यांना दिसला पाहिजे. कुणाचा नेमका पगार किती ते सांगायची गरज नाही. नव्याने घेतलेला माणूस जुन्याच्या वर जात असेल तर जुन्याचा पगार त्याच महिन्यात दुरुस्त करा, एप्रिलची वाट बघू नका. त्यांना कळतंच. आणि ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य वापरूच नका, घरात कुणी पगारवाढ मागत नाही. इंटर्नला विद्यावेतन द्या, प्रोबेशन तीन महिन्यांच्या वर नको, नोटीस एक महिना पुरे.

फ्रीलान्सरचं बिल आल्यापासून १५ दिवसांत चुकवा. तुमची माणसं त्यांच्या मित्रमैत्रिणींनाच काम देत असतात, पैसे रखडले तर लाज त्यांना वाटते. तुमची स्वतःची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने क्लायंटने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. बिलाखाली ती ओळ छापा.

आता जे टाळून चालत नाही ते. लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती बंधनकारक करतो, आणि त्यात इंटर्न, कंत्राटी सगळे मोजले जातात. अध्यक्ष वरच्या पदावरची महिला कर्मचारी, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, बाहेरची एक व्यक्ती, आणि एकूण निम्म्या तरी महिला. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी, समितीला मुदत वाढवता येते. चौकशी ९० दिवसांत. समितीच नसेल तर दंड ५०,००० रुपयांपर्यंत. बाहेरच्या सदस्याला नियमांत दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च म्हटलं असलं तरी व्यवहारात अनुभवी व्यक्ती त्याहून जास्त मानधन घेतात, तेवढी तरतूद ठेवा. क्रिएटिव्ह ऑफिसात ‘आम्ही सगळे मित्रच’ म्हणून हे मागे पडतं, आणि नेमकं अशाच ठिकाणी रात्रीची कामं, आउटडोअर शूट आणि पार्ट्या असतात. शूटची जागा आणि क्लायंटकडे जाण्यासाठी दिलेली गाडी हीसुद्धा कायद्याने कामाचीच जागा.

मातृत्व रजा २६ आठवडे भरपगारी, पहिल्या दोन अपत्यांपर्यंत, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नसलेल्या बाईचा हा खर्च पूर्ण तुमचा. छोट्या स्टुडिओला सहा महिन्यांचा पगार एकदम जड जातो आणि मग मुलाखतीत ‘लग्न कधी?’ असले प्रश्न डोकावतात. दर महिन्याला एकूण पगाराच्या दोन-तीन टक्के वेगळ्या खात्यात टाकत राहा.

दुपारचा_डबा

सगळ्यांनी जड जड लिहिलंय, मी हलकं लिहितो. दुपारी एक ते दोन कुठलीही मीटिंग नाही, कॉल नाही, आणि तुम्ही स्वतः टेबलावर डबा उघडून बसायचं. आठवड्यातून दोनदा तरी. कामाचा विषय निघाला तर ‘दोननंतर’. टेबल एकच ठेवा. शाकाहारी-मांसाहारी अशी टेबलं झाली की ऑफिसात दोन गट पडलेच म्हणून समजा. एक मायक्रोवेव्ह कमी पडतो, दोन घ्या, एकावर ‘फक्त शाकाहारी’ लिहिलेलं चालेल, भांडण तिथेच मिटतं.

सहल किंवा पार्टी कामाच्या दिवशी, रविवारी नाही. सातला संपेल अशी. दारू असेल तर कोकम सरबत नाहीतर सोलकढीची सोयही तेवढ्याच मनाने करा. न येणाऱ्याला कारण विचारू नका.

खुर्चीवर पैसे घाला. मोशनवाले दिवसभर पेन आणि माउसवर असतात. पिक्सारने १९९९ साली आलेली आपली एक फिल्म नऊ महिन्यांत नव्याने उभी केली, तेव्हा शेवटाला जवळपास एक तृतीयांश लोकांना हात-मनगटाच्या ताणाची दुखणी लागली होती. कोपर टेबलाच्या पातळीवर राहील अशी खाली-वर होणारी खुर्ची, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, टॅबलेट कोपराच्या उंचीला. मनगट दुखतंय असं कुणी म्हणालं की त्याच दिवशी काम हलकं करा.

पावसाळ्यात हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की घरून काम, सकाळी सातला ग्रुपवर आपोआप जाहीर. कुणी विचारायचं नाही, कुणी परवानगी द्यायची नाही. मोशनवाल्यांसाठी याची तयारी आधी लागते: फोर-के फुटेजच्या ७२० किंवा १०८० पिक्सेलच्या प्रॉक्सी (हलक्या प्रती) जॉब सुरू होतानाच बनवून ड्राइव्हवर टाका, रेंडर मशीन ऑफिसातच राहू दे आणि ते दुरून चालवता येईल अशी सोय करा, त्याला यूपीएस हवाच. हे नसलं की ‘घरून काम’ हा नियम फक्त कॉपीरायटरच्या कामाचा.

एरंडवणे_स्टुडिओ

हजेरीपट, समितीबद्दल एकच शंका. वरच्या पदावरची महिला म्हणजे आमच्याकडे मीच, बाकी सगळ्या ज्युनिअर. मीच अध्यक्ष झाले तर चालेल?

हजेरीपट

नको. अध्यक्ष कर्मचाऱ्यांमधूनच नेमायची असते आणि तुम्ही मालक आहात. समितीचा अहवाल तुमच्याकडेच येतो, त्यावर ६० दिवसांत कारवाई तुम्ही करायची, मग तुम्हीच चौकशी कशी करणार? सर्व्हिसिंग किंवा हिशेब-ऑफिस सांभाळणाऱ्यांपैकी जी पदाने आणि वयाने वरची असेल तिला नेमा, एक दिवसाचं प्रशिक्षण द्या, आणि बाहेरची सदस्य मात्र पक्क्या अनुभवाची घ्या: महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या कायद्याची जाण असलेली. खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तेही भिंतीवरच्या सूचनेत लिहा. सूचनेत सगळ्या सदस्यांची नावं आणि संपर्क हवेत, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, आणि ती स्वच्छतागृहाच्या दाराजवळ लावा, जिथे कुणी बघत नसताना वाचता येते. समितीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, मध्ये कुणी नोकरी सोडली की त्याच आठवड्यात नवं नाव. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या पोर्टलवर नोंद करायला विसरू नका, आणि वर्षअखेरीला अहवाल द्यावा लागतो, एकही तक्रार नसली तरी.